वाईतोबीत कोणी राहत नाही

१४ सप्टेंबर १९८५, शनिवार
शुगर लँड, टेक्सस

मला डायरी लिहायची सवय नाही. पण परवापासून एक वाक्य डोक्यातून जात नाहीये, आणि ते घरात कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो.

गुरुवारी कॉन्फरन्स रूममध्ये बेटाचा मोठा नकाशा लावला होता. इंडोनेशियातलं हे बेट इतकं लहान आहे की ऑफिसात त्याचं नाव कुणी घेत नाही, नुसतं ‘द आयलंड’ म्हणतात. तिथे गॅस भरणाऱ्या जहाजांसाठी धक्का बांधायचा आहे. जागा दोन. दक्षिणेचं टोक ओसाड आहे, पण तिथे पोवळ्याचा खडक फोडून समुद्रात लांबवर पूल न्यावा लागेल. उत्तरेच्या खाडीत अगदी किनाऱ्याशीच खोल पाणी आहे. काम झटपट आणि स्वस्त. फक्त उत्तरेच्या खाडीवर वाईतोबी हे गाव आहे.

विमानातून काढलेल्या फोटोंत ढग आहेत आणि चिंचेची झाडं. घरं दिसत नाहीत म्हटलं तरी चालेल. आमच्यातला तिथे प्रत्यक्ष जाऊन आलेला मी एकटा. माझा बॉस वॉरन खुर्ची फिरवून म्हणाला, “चारू, यू वॉक्ड द प्लेस. एनीबडी लिव्ह देअर?”

मी म्हणालो, “फिशिंग हट्स. सीझनल.”

कुणी मला हे बोलायला लावलं नव्हतं. वॉरनने डोळा मारला नव्हता, धमकी दिली नव्हती. त्याने साधा प्रश्न विचारला होता. पण मागच्या आठवड्यात आमच्या मजल्यावरची किती तरी माणसं खोक्यात फोटो आणि कॉफीचे मग भरून निघून गेली, आणि दक्षिणेचा खर्च ऐकला की हे प्रोजेक्टच बंद पडेल, मग पुढचं खोकं माझं, हे मला दिसत होतं. ‘सीझनल’ हा शब्द मी आधी जुळवलेलाही नव्हता. तो आपोआप आला आणि चांगला गुळगुळीत आला.

वॉरन म्हणाला, “गुड. नॉर्थ इट इज.” मग सगळे लंचला गेलो. मी चिकन सँडविच खाल्लं, आणि ते पूर्ण खाल्लं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

 

लिहायचंच तर खरं लिहावं. वाईतोबीत मी गेल्या वर्षी आठवडाभर राहिलो. तिकडच्या बोलीत वाई म्हणजे पाणी आणि तोबी म्हणजे चिंच, असं मला सांगितलं. मी म्हणालो, माझं आजोळही वाई, आणि तीही नदीवरच आहे. झालं, त्या संध्याकाळपासून मी त्यांचा पाहुणा उरलो नाही, नातेवाईक झालो. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या इना केवा नावाच्या बाई (इना म्हणजे आई) माझ्या ताटात मक्याचा भात आणि भाजलेला मासा वाढताना शेजारणींना सांगायच्या, हा पण वाईचा. सगळ्या हसायच्या. कुणाच्या थट्टेतही किती आपलेपणा असतो!

पत्र्याचं छप्पर असलेलं चर्च आहे. शाळा आहे. डोंगरउतारावर मक्याची शेतं आहेत. आणि प्रत्येक घरासमोर, अंगणातच, त्या घरातल्या माणसांची थडगी आहेत. त्यांच्यावर मुलं अभ्यासाला बसतात, बायका शेंगा वाळत घालतात. इना केवांचा नवरा त्यांच्या दारासमोरच आहे. सकाळी त्या त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवायच्या.

सीझनल.

निघायच्या दिवशी शाळेचे गुरुजी पेत्रुस यांनी किनाऱ्यावर मला विचारलं होतं, कंपनी आली तर आमच्या गावाचं काय? त्यांना थोडं इंग्रजी येतं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, गावाला हात लागणार नाही, काम दक्षिणेला होईल. तेव्हा ते खरं होतं. निदान मला खरं वाटत होतं.

अर्थात त्यांना नवी घरं मिळतीलच. पक्की, सिमेंटची. नळ मिळतील. दवाखानासुद्धा होईल. काही वर्षांनी कदाचित तेच म्हणतील, बरं झालं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

इथल्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम. फराळ, मुलींचा नाच, आणि मग जगन्नाथकाकांच्या आग्रहाने माझ्या इंडोनेशियाच्या स्लाइड्स. मी टाळत होतो. पण बायको, सरला, घरून स्लाइड्सचं कॅरूसेल घेऊनच आली होती.

समुद्र, होड्या, चिंच. मग इना केवा दारात उभ्या. मागून कुणी तरी म्हणालं, “अगं, या तर अगदी आपल्या आत्याबाई वाटतात!” हशा झाला. मग शाळेतली पोरं, दात विचकून रांगेत उभी.

जगन्नाथकाकांनी विचारलं, “आणि तुमचा तो धक्का कुठे यायचाय, चारुदत्त?”

“दुसऱ्या बाजूला, काका. गावापासून लांब.”

काका म्हणाले, “हे बरं केलंत. धक्का बांधायचा पण गावाला धक्का लागू द्यायचा नाही!” सगळे हसले. सरला हसली नाही. ती पडद्याकडे बघत होती.

मला ठाऊक आहे ती काय बघत होती. तिचं माहेर जावळीकडचं. ती नऊ वर्षांची असताना गाव धरणात गेलं. ट्रकमध्ये जातं चढवलं, देव चढवला, म्हैस चढेना. म्हशीला चढवायला वडील तिच्यापुढे गवत धरून रडत होते, एवढं एकच ती सांगते. लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यापुढे तिने कधी सांगितलेलं नाही.

गाडीत ती म्हणाली, “छान गाव आहे हो. जाऊ या एकदा आपण तिघं.”

मी म्हणालो, बघू.

१९ जानेवारी १९८६, रविवार

पेत्रुस गुरुजी आमच्या घरी जेवून गेले. 

कंपनीने तिकडच्या चार-पाच जणांना ह्यूस्टनला आणलंय, आमची टर्मिनल्स किती स्वच्छ असतात ते दाखवायला. बाकीचे सरकारी अधिकारी. बेटावरच्या लोकांच्या वतीने गुरुजी, कारण इंग्रजी येतं; ते कोणत्या गावचे हे ऑफिसात कुणी विचारलेलं नाही. वॉरन म्हणाला, तुझी ओळख आहे, तूच जेवायला ने त्यांना, राइस खातात ते. मी सरलेला चार दिवस आधी सांगितलं आणि ती आनंदाने कामाला लागली.

सकाळी त्यांना चर्चला नेलं. त्यांनी कुणाचा तरी मोठा कोट घातला होता, बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. मिस्सा संपल्यावर बाहेर येऊन म्हणाले, “पाक चारू, मी तुमच्यासाठी प्रार्थना केली.” पाक म्हणजे आपलं ‘राव’ किंवा ‘काका’. मी थँक यू म्हणालो.

घरी सरलेने रेड स्नॅपरचं कालवण केलं होतं, भात, सोलकढी. गुरुजींनी हाताने कालवून खाल्लं आणि दोनदा भात घेतला. आमच्या मुलीला, नीलाला म्हणाले, “तू माझ्या वर्गात असतीस तर पहिल्या बाकावर.” नीला एरवी पाहुण्यांसमोर बसत नाही. पंधरा वर्षांची आहे. पण ती बसली, आणि त्यांना सारखं विचारत होती, हाऊ मेनी किड्स, डु यू हॅव अ लायब्ररी, काय आणि काय.

मग गुरुजी सरलेकडे वळून सावकाश इंग्रजीत म्हणाले, “मॅडम, गावातले म्हातारे घाबरले होते. पाक चारूंनी किनाऱ्यावर शब्द दिला, तेव्हा सगळे झोपू लागले. इना केवा म्हणतात, हा वाईचा माणूस आहे, तो आपल्याला उठवणार नाही.”

सरला माझ्याकडे बघून हसली. इतकं कौतुक तिच्या डोळ्यांत मी माझी नोकरी लागली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

मी पाणी आणायला उठलो. पाणी टेबलावर होतंच.

२० जानेवारी, सोमवार

आज सकाळी कॉफी ओतताना सरलेने सहज विचारलं, “अहो, काम सुरू कधी होणार दक्षिणेला?”

मला वाटलं, निदान अर्धं तरी सांगावं. म्हणालो, “दक्षिणेला नाही. उत्तरेला ठरलंय.”

“आणि गाव?”

“उत्तरेलाच आहे.”

तिने भांडं खाली ठेवलं. “कालपासून ठरलंय?”

“सप्टेंबरपासून.”

“आणि काल तुम्ही त्या माणसाला जेवू घातलंत.” मग म्हणाली, “तिथे माणसं राहतात हे सांगितलंत ना ऑफिसात? त्यांना ठाऊक तर आहे ना?”

“सांगितलं,” मी म्हणालो. “सगळं सांगितलं. ऐकतंय कोण?”

ती माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. तिला माझी कीव आली होती. तो हात मला सहन होईना आणि झटकताही येईना.

“मग निदान गुरुजींना तरी सांगा,” ती म्हणाली. “आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ट्रक आले तेव्हा कळलं.”

२२ जानेवारी, बुधवार

गुरुजींना विमानतळावर सोडलं. हायवे ५९ वर तुंबलेलं ट्रॅफिक. भरपूर वेळ होता, गाडीत आम्ही दोघंच. तीनदा मी “पाक गुरू” म्हणून सुरुवात केली. एकदा हवेबद्दल विचारलं. एकदा त्यांच्या मुलीबद्दल. तिसऱ्यांदा काहीच सुचलं नाही. तेव्हा तेच म्हणाले, “तुम्ही दमलेले दिसता. खूप काम करता आमच्यासाठी.”

सरलेला सांगितलं की बोललो. ते कसे झाले, तिने विचारलं. मी म्हणालो, गप्प झाले. गप्प कोण होतं ते मी सांगितलं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज वॉरनच्या केबिनमध्ये गेलो. रात्रभर वाक्यं जुळवली होती. बोललो ते एवढंच: “वॉरन, त्या उत्तरेच्या खाडीत मला वाटलं होतं त्यापेक्षा थोडी जास्त माणसं असू शकतील.”

“किती जास्त?”

“सम.”

त्याने चष्मा काढून डोळे चोळले. तोही हल्ली नीट झोपत नसावा. तेलाचा भाव रोज खाली जातोय. म्हणाला, “चारू, इट्स अ लिट्ल लेट टु बी फाइंडिंग पीपल.”

मी “शुअर” म्हणून बाहेर आलो. पण मी प्रयत्न केला. तो केला नाही असं कुणी म्हणू शकणार नाही.

(वरचं वाक्य पुन्हा वाचलं. खोडावंसं वाटतंय. राहू दे.)

४ एप्रिल, शुक्रवार

प्रोजेक्ट कॅन्सल. तेलाचा भाव निम्म्याच्याही खाली आलाय, गॅस कुणाला नको. अर्ध्या तासाची मीटिंग. नकाशा काढून गुंडाळला. त्यात वॉरनचीही नोकरी गेली, बावीस वर्षांची. मला जुन्या पाइपलाइनच्या कामावर घेतलंय. का ते कळत नाही.

वाईतोबी आहे तिथे राहणार. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, मग पुन्हा धुतलं. सुटका झाली असं वाटायला हवं होतं.

घरी जेवताना सांगितलं, “ते बेटाचं प्रोजेक्ट कॅन्सल झालं.” सरलेने डोळे मिटले. नीला ओरडलीच, “नो वे! दे गेट टु स्टे?” घरात इतका आनंद बघून मी आणखी एक वाक्य बोललो. “मी वॉरनशी बोललो होतो फेब्रुवारीत.”

दोन्ही वाक्यं खरी आहेत. मधलं ‘म्हणून’ मी उच्चारलं नाही. ते त्या दोघींनी ऐकलं, आणि मी ते ऐकू दिलं.

सरला उठून देवापुढे साखर ठेवून आली. नीलाने मला मिठी मारली. बारा वर्षांची झाल्यापासून तिने मारली नव्हती.

२७ एप्रिल, रविवार

मंडळात बातमी पसरली आहे. जगन्नाथकाकांनी पाठ थोपटली. “नोकरी पणाला लावलीत म्हणे!” मी म्हणालो, “छे, काका, तसं काही नाही.” तो त्यांना विनय वाटला. हल्ली मी काहीही बोललो तरी विनयच वाटतो.

१६ मे, शुक्रवार

नीलाच्या शाळेत बक्षीस समारंभ. तिला निबंधाचं पहिलं बक्षीस आहे एवढंच ठाऊक होतं. विषय तिने सांगितला नव्हता. सरप्राइज, म्हणाली.

निबंध तिने स्टेजवर वाचून दाखवला. नाव होतं ‘माय फादर्स व्हिलेज’. मला आधी वाटलं, आमचं सातारा. मग ती चिंचेबद्दल वाचू लागली. इना केवांबद्दल, थडग्यांवर अभ्यास करणाऱ्या मुलांबद्दल, मोठ्या कोटातल्या गुरुजींबद्दल. आईच्या म्हशीबद्दलही. ते तिला सरलेने केव्हा सांगितलं? आणि शेवटी, टेक्ससमधला एक माणूस आपल्या बॉससमोर उभा राहिला आणि म्हणाला, इथे माणसं राहतात.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, ते वडील आज आपल्यात आहेत, त्यांनी उभं राहावं.

मी उभा राहिलो.

सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. शेजारी सरला रडत टाळ्या वाजवत होती. मी खाली बसू शकलो असतो, मान हलवून नाही म्हणू शकलो असतो, पोटात दुखतंय म्हणून बाहेर जाऊ शकलो असतो. मी हात जोडले. चक्क हात जोडले, पुढाऱ्यासारखे.

१७ मे, शनिवार

नीलाला सांगितलं.

सकाळी ती बक्षिसाची फ्रेम घेऊन हॉलमध्ये आली. ही तुमच्या ऑफिसात लावा, म्हणाली. मी म्हणालो, बस. सरला स्वयंपाकघरात होती, तिला ऐकू जाणार हे ठाऊक होतं. जाऊ दे म्हटलं.

“नीला, वॉरनने मला विचारलं होतं, तिथे कोणी राहतं का. मी नाही म्हणालो.”

“व्हॉट डु यू मीन?”

“मी म्हणालो, नुसत्या झोपड्या आहेत, माणसं येतात-जातात. धक्का उत्तरेला माझ्यामुळे ठरला. कॅन्सल माझ्यामुळे झाला नाही. तेलाचा भाव पडला म्हणून झाला.”

“बट यू टॉक्ड टु हिम. यू सेड.”

“‘थोडी जास्त माणसं असतील’ एवढंच म्हणालो. आणि ‘शुअर’ म्हणून परत आलो.”

तिने फ्रेम उलटी करून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, “यू लेट मी रीड इट.”

“मला विषय माहीत नव्हता, बाळा.”

“यू स्टुड अप.”



सरला दारात आली होती. हाताला कणीक. मला वाटलं ओरडेल, रडेल. ती एवढंच म्हणाली, “मला वाटलं होतं, तुम्ही सांगितलंत आणि त्यांनी ऐकलं नाही. चार महिने मी त्या लोकांना शिव्या देतेय.” आणि आत गेली. पोळ्या लाटण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. दुपारी ताटं मांडली, माझंही. 

१९ मे, सोमवार

नीला म्हणाली, बक्षीस परत करायचंय, आणि तुम्ही बरोबर यायचं. ऑफिसात उशिरा येतो म्हणून सांगितलं.

तिच्या इंग्रजीच्या बाई तरुण आहेत. नीलाने फ्रेम टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “इट इजन्ट ट्रू. ही’ल टेल यू.” मी सांगितलं. इंग्रजीत सांगायला सोपं गेलं. याचीही लाज वाटली. बाईंनी शांतपणे ऐकलं. मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, हे मुलीसमोर येऊन सांगायला फार धैर्य लागतं, मी तुमचा आदर करते.

म्हणजे तिथेही माझं कौतुकच झालं.

आणि मला ते बरं वाटलं. क्षणभरच, पण छातीत हलकं झालं, आणि ते नीलाने पाहिलं. दप्तर घ्यायला ती पार्किंग लॉटमध्ये आली, आणि गाडीत बसून समोर बघत म्हणाली, “डोन्ट फील गुड अबाउट दॅट, बाबा. शी डझन्ट नो देम.”

“नाही.”

मी किल्ली फिरवली. ती पुन्हा म्हणाली, “यू टोल्ड माय टीचर. नाऊ टेल द अदर वन.”

“ते खुश असतील आता, नीला. त्यांचं गाव राहिलं. उगीच कशाला—”

“ते तुमच्यासाठी प्रार्थना करतात,” ती मराठीत म्हणाली. ती माझ्याशी मराठीत फारसं बोलत नाही. शब्द शोधून, मोडतं बोलली, पण बोलली. “त्यांना कळू दे, कोणासाठी करतात.”

दप्तर घेऊन ती उतरली आणि वर्गाकडे गेली. मागे वळून तिने बघितलं नाही.

ऑफिसला गेलो नाही. घरी आलो. सरला बाहेर गेली आहे. कुठे ते सांगून गेली नाही, हेही पहिल्यांदाच. जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलोय. ‘डिअर पाक गुरू’ लिहून तासभर झाला. इंग्रजीत वाक्यं फार सफाईने येतात, ‘अनफॉर्च्युनेटली’ आणि ‘अंडर द सर्कमस्टन्सेस’ अशी. ती वाक्यं मला नकोत. आधी मराठीत लिहून बघतो, मग शब्दाला शब्द इंग्रजी करीन.

गुरुजी, तुम्ही आमच्या घरी जेवलात, त्या दिवशी मला ठाऊक होतं.